सावित्रीकाठी गळ टाकण्याआधी

गेल्या दिवाळीत मी एक एक्सेल शीट बनवली. नाव दिलं 'बाबा_मासे_फायनल'. दोन माणसं, दोन रात्री, बजेट चार हजार रुपये. गाईड नाही, रिसॉर्ट नाही, पॅकेज नाही. पुण्याहून एसटी पकडायची, महाड-पोलादपूरला उतरायचं, नदीच्या काठाने वर चालत जायचं आणि बरा डोह दिसला की गळ टाकून बसायचं. माझ्या टीममधली मुलं सुट्टी मिळाली की स्पितीला जातात. मला माझ्याच तालुक्यातल्या नदीवर जायचं होतं, जिच्यावरून मी हजार वेळा बसमधून गेलो असेन आणि जिच्या पाण्यात एकदाही पाय घातलेला नव्हता.

बाबा मूळ पोलादपूरच्या वरच्या अंगाचे. विशीत महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्यात लागले, तिथूनच रिटायर झाले. आजी सांगायची, हा पोरगा शाळेत कमी आणि सावित्रीवर गरी घेऊन जास्त असायचा. मी मात्र त्यांना कधी गरवताना पाहिलं नाही. हल्ली ते फोनवर परदेशातल्या मासेमारीचे व्हिडिओ बघतात. कुणीतरी गोरा माणूस तासभर झुंजून मासा काढतो, त्याच्यासोबत फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडतो. बाबा दर वेळी वैतागतात, "सोडायचाच होता तर पकडला कशाला?" आणि पुढचा व्हिडिओ लावतात.

शीटमध्ये पाच कॉलम होते : मासा, परवानगी, धोका, खर्च, ठिकाण. वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम आहे. पण एकेक कॉलम भरायला घेतला आणि प्रत्येकातून इतिहास वर यायला लागला. हा लेख म्हणजे ती शीटच आहे, फक्त सेलमध्ये न मावलेली.

मासा

सह्याद्रीच्या नद्यांमध्ये गळ टाकणाऱ्यांसाठी सगळ्यात मानाचा मासा म्हणजे महसीर. मोठे सोनेरी खवले, जाड ओठ आणि वाहत्या पाण्याविरुद्ध पोहायची जबरदस्त ताकद. आपल्याकडच्या महसीरचं शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. यातला 'खुद्री' हा शब्द लॅटिन नाही, तो आपल्याकडचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. पिकं, माणसं, पक्षी, मासे, जे दिसेल ते त्याने नोंदवलं. १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली, त्यात पुण्याच्या मुळा-मुठेतला हा मासाही होता. नावं देताना त्याने काठावरच्या लोकांच्या तोंडचे शब्द उचलले : खुद्री, कोलूस, नुक्ता, बोगट, शिंगटी. आज लंडनमधल्या संग्रहालयातल्या माणसालाही या माशांबद्दल बोलायचं तर पुण्या-मावळातल्या कुणा मासे पकडणाऱ्याचा शब्द उच्चारावा लागतो.

हौस म्हणून गळ टाकण्याची परंपरा मात्र साहेबाची. १८७३ मध्ये मद्रास इलाख्यातला अधिकारी हेन्री सुलिवन थॉमस याने 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं. कोणत्या नदीत कोणता मासा, कोणतं आमिष, कोणता हंगाम, असं सगळं त्यात आहे. एका अर्थाने माझ्या शीटची ती पणजीच. फरक इतकाच की साहेबाच्या सहलीत तंबू उचलणारे, स्वयंपाक करणारे आणि डोह दाखवणारे हात गावातले असायचे. गाईडशिवाय नदीवर जाणं हे ज्यांच्यासाठी रोजचं जगणं होतं, त्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत. आजीच्या भाषेत ते नुसतं 'गरवायला जाणं' होतं.

खुद्रीची पुढची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. १९७०च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर या माशाची कृत्रिम पैदास यशस्वी झाली आणि त्याची पिल्लं देशभर पाठवली गेली. हेतू चांगला होता : घटणारा मासा वाढवायचा. पण कावेरीत ही पिल्लं फोफावली आणि तिथला मूळचा मोठ्या वशिंडाचा महसीर मागे पडत गेला. त्या माशाची नेमकी ओळख 'टॉर रेमादेवी' म्हणून पटली ती थेट २०१८ मध्ये, आणि तोवर तो अतिसंकटग्रस्त यादीत जाण्याइतका कमी झाला होता. आपला मासा दुसऱ्याच्या नदीत उपरा ठरला. कोड असो वा मासा, एका ठिकाणी चालतं म्हणून दुसरीकडे जसंच्या तसं टाकू नये, हे आम्हाला ऑफिसात पहिल्याच वर्षी शिकवतात.

परवानगी

हा कॉलम मी बाबांना विचारून भरायला घेतला. ते हसले. "नदीला कसली रे परवानगी?"

लागते. १८९७ साली इंग्रजांनी भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा केला. त्याचा गाभा दोन गोष्टींचा होता : पाण्यात स्फोटकं उडवून मासे मारायचे नाहीत आणि पाण्यात विष कालवायचं नाही. राज्याचा स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदा १९६० सालचा. धरणांचे आणि तलावांचे मासेमारीचे हक्क बहुतेक वेळा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. म्हणजे तुम्ही एखाद्या जलाशयावर रॉड घेऊन पोचलात तर तुमचा छंद कुणाच्या तरी पोटावर बसलेला असू शकतो. अभयारण्यात तर गळ टाकायचाच नाही. म्हणून पहिला नियम : आधी गावात विचारा. ग्रामपंचायतीत विचारा, आणि त्याहून आधी नदीवर पाग टाकणाऱ्याला विचारा.

हे सगळं टाइप करून झालं आणि बोटं थांबली. महाडमध्ये बसून 'पाण्यावर जायची परवानगी' असं लिहायचं आणि पुढच्या कॉलमकडे वळायचं, हे जमेना. २० मार्चला चवदार तळ्यावर लोटणारी गर्दी बघत आम्ही वाढलो. लहानपणी ती गर्दी म्हणजे पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे आणि शाळेला लवकर सुट्टी. तपशील मोठेपणी वाचले.

१९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर परवानगी होती, पण तळ्यावर पाणी भरायला जाण्याची सोय नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठोपाठ हजारो माणसं तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. मग पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. २५ डिसेंबरला याच महाडात मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावरचा दावा मात्र कोर्टात दहा वर्षं चालला.

त्या दाव्यातला मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. तळं बंद ठेवू पाहणाऱ्यांचं म्हणणं होतं की ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादी वहिवाट सिद्ध होत नाही. 'आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे' या वाक्याला कोर्टाने विचारलं, पुरावा काय? हा प्रश्न पुढे या प्रवासात मला पुन्हा भेटणार होता.

धोका

हा कॉलम सगळ्यात लांब झाला.

पहिला धोका मगरीचा. सावित्रीत महाडच्या आसपास मगरी आहेत, आणि त्या अफवा नाहीत. म्हणजे परदेशी व्हिडिओत दाखवतात तसं कमरेइतक्या पाण्यात उभं राहून मासेमारी करायची नाही. काठावर, उंच खडकावर बसायचं आणि अंधार पडायच्या आत उठायचं.

दुसरा धोका पाण्याचा. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूरला येते आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाते. भरतीचं पाणी महाडपर्यंत चढतं. म्हणूनच एके काळी महाड हे बंदर होतं, गलबतं इथवर यायची. आणि म्हणूनच घाटावर धो धो पाऊस आणि खालून भरती अशी गाठ पडली की महाड बुडतं. २२ जुलै २०२१ ला बुडालं तसं. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा १९२८ सालचा पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस व एक गाडी नदीत गेली. आमच्या वयाच्या महाडकरांना त्या पुलाबद्दल विचारू नका, प्रत्येकाकडे त्या रात्रीची स्वतःची एक गोष्ट आहे. तेव्हा पावसाळ्यात हा बेत आखायचाच नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात तेव्हा गावं नदीवर लोटतात, पण तो खेळ पाणी ओळखणाऱ्यांचा. आपल्यासारख्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

तिसरा धोका शीटमध्ये लिहिताना मी दोनदा खोडला. तो पाण्यात विरघळलेला आहे, दिसत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली : एकूण ३५१, त्यातले ५३ महाराष्ट्रात. त्यात सावित्रीचा पट्टा आहे, दादली ते मुठवली. दादली म्हणजे महाडचं वेशीवरचं गाव. तिथून खाली खाडीकडे.

यादीची गरज आम्हाला नव्हती. लहानपणी आई मासे आणायला गेली की कोळिणीला भावाआधी एकच प्रश्न विचारायची, "खाडीचा की बाहेरचा?" कधीतरी सकाळी नदीत मासे पोट वर करून तरंगायचे, लोक पुलावर थांबून बघायचे आणि कामाला जायचे. बाबाही त्याच पुलावरून कामाला जायचे. घरी आल्यावर त्या दिवशी ते कमी बोलायचे.

खर्च

एसटी, सगळी मिळून दोघांची : १,०४० रुपये. जुना रॉड आणि रील : १,२००. दोर, गळ, शिसं : २६०. रिक्षा : ७००. चहा-नाश्ता : ४००. राहायला पोलादपूरला आत्याकडे, म्हणजे शून्य. आमिषाला कणीक आणि गांडुळं, तीही शून्य. कुरमुरे : ४०. एकूण ३,६४०. चार हजारांच्या आत.

पण मला इथे दुसराही एक हिशेब मांडावा लागला.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं. मुंबईतली गर्दी बाहेर काढायची, मागास भागांत रोजगार न्यायचा, हा विचार. कोकणातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरणीत जात होता. महाडला वसाहत आली तेव्हा पहिल्यांदाच गावातल्या गावात महिन्याचा पगार मिळू लागला. कारखान्यांना पाणी हवं असतं, आणि वापरून झालेलं पाणी सोडायला जागाही हवी असते. नदी दोन्ही देते.

कायदे नव्हते असंही नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणावर स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला होता, राज्याचं मंडळ १९७० मध्ये आलं, केंद्राचा कायदा १९७४ मध्ये. १८९७ चा कायदा तर पाण्यात विष कालवण्यावरच होता. त्या काळच्या साहेबाच्या डोळ्यासमोर डोहात झाडाची साल कुटून टाकणारा गावकरी होता. पुढच्या शतकात विषाचं प्रमाण बदललं, त्याच्यासोबत पगाराची स्लिप आली आणि प्रश्न विचारणं अवघड झालं.

माझ्या इंजिनीअरिंगची चार वर्षांची फी त्या पगारातून गेली. पुण्याचं होस्टेल, पहिला लॅपटॉप, सगळं. त्यामुळे 'कारखान्यांनी नदी मारली' हे वाक्य लिहायला मला सोपं नाही. त्या वाक्यात 'आणि मला शिकवलं' हेही जोडावं लागतं. मी एकदा बाबांना विचारलं, गरवणं का सोडलं? ते म्हणाले, "शिफ्ट असायची." मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "आणि पाण्याचा वास कळायचा मला. आत काय चाललंय ते माहीत असलेल्या माणसाला तो मासा खाववत नाही."

ठिकाण

डिसेंबरमध्ये गेलो. वरंध घाट बंद असल्यामुळे बस ताम्हिणीवरून गेली. पहिला दिवस पोलादपूरच्या वर, घाटाच्या पायथ्याकडे. तिथे सावित्री लहान आहे, गोट्यांवरून वाजत येते. पाग घेऊन निघालेल्या एका काकांना विचारलं. त्यांनी माझ्या रॉडकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि म्हणाले, "खालच्या कोंडीवर बसा, वरची आमची." परवानगीचा कॉलम भरला.

मी गळाचा उलटा काटा पकडीने चेपून ठेवला होता, म्हणजे मासा सोडताना जखम कमी होते. बाबांनी तो पाहिला आणि काही बोलले नाहीत. रील त्यांनी हातात धरलंच नाही. काठावरून एक काठी घेतली, दोर बांधला, कणकेचा वाटाण्याएवढा गोळा लावला आणि पाण्याकडे पाठ येणार नाही असे उकिडवे बसले. दुपारपर्यंत त्यांना पाच मासे लागले, बोटभर ते वीतभर. मला एकही नाही. तीन त्यांनी सोडले, "लहान आहेत." दोन आत्याने तळले.

दुसऱ्या दिवशी वाळणकोंड. महाडहून बिरवाडीमार्गे आत गेलं की काळ नदीवर हा डोह लागतो. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं आहे आणि डोहातले मासे देवीचे. इथे कुणी गळ टाकत नाही, जाळं लावत नाही. लोक येतात, कुरमुरे टाकतात आणि बघतात. महाराष्ट्रात असे डोह थोडे उरलेत. वाड्याजवळ वैतरणेवरचं तिळसे हा त्यातलाच एक.

मी मूठभर कुरमुरे फेकले. आधी काहीच झालं नाही. मग पाणी काळपट हललं आणि तोंडं वर आली. हातभर लांबीचे महसीर, एकमेकांवर चढत, जाड ओठांनी कुरमुरे ओढत. साइक्सने ज्याचं वर्णन केलं, साहेबांनी ज्याच्यासाठी पुस्तकं लिहिली, लोणावळ्याने ज्याची पिल्लं देशभर वाटली, तो मासा माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर होता. अख्ख्या शीटमध्ये मोठा मासा खात्रीने मिळेल अशी एकच जागा होती, आणि तिथे गळ टाकायचा नव्हता.

तिथे उभं असताना मला चवदार तळं आठवलं, आणि ते आठवणं सुखाचं नव्हतं. एकाच तालुक्यात पाण्याभोवती उभ्या केलेल्या दोन मनाई. दोन्हींमागे देव-धर्म, दोन्हींमागे 'पहिल्यापासून असंच आहे'. एका मनाईने माणसांना पाण्यापासून तोडलं, दुसरीने मासे जगवले. मग परंपरा चांगली की वाईट? असा सरसकट प्रश्नच चुकीचा आहे, असं मला वाटतं. १९३७ सालचा प्रश्न बरोबर आहे : पुरावा काय? आणि त्याला जोडून आणखी एक : किंमत कोण मोजतं? चवदार तळ्याची मनाई ज्यांनी घातली त्यांना तिची झळ नव्हती, सगळी किंमत दुसऱ्यांनी मोजली. वाळणकोंडीची मनाई गावाने स्वतःवर घालून घेतली आहे. घरात कालवणाला मासा नसतानाही डोहातला काढायचा नाही, ही किंमत ते स्वतः मोजतात. आणि पुरावा तर समोर कुरमुरे खात होता.

खाली दादलीकडे मनाई कागदावर आहे, १८९७ पासूनची. तिथे किंमत खाडीवरचा मच्छीमार मोजतो आणि फायद्यात मी आहे.

बाबा बराच वेळ वाकून बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, एक तरी काढायला हवा होता. त्यांनी फोन काढला, व्हिडिओ घेतला, थोडा हललेला. मग कुरमुऱ्यांची पिशवी झटकून घडी घालून खिशात ठेवली.

"याला धरायला जागाच नाही," ते म्हणाले. "आणि धरून करणार काय? इतका मोठा झालाय तो."

परत येताना बस महाडच्या नव्या पुलावरून गेली. बाबांनी सवयीने खिडकीतून खाली पाण्याकडे पाहिलं. मी शीट उघडून 'ठिकाण' या कॉलममध्ये दोन नावं टाकली आणि वाळणकोंडीसमोर 'खर्च' मध्ये लिहिलं : कुरमुरे, ४० रुपये. दादली ते मुठवलीची ओळ मी काढून टाकलेली नाही. ती रिकामी ठेवली आहे. कधीतरी तिथेही काही भरता यावं, असं मला वाटतं, आणि ते भरण्याची थोडी जबाबदारी माझ्या पगारावरही आहे.